चार तोंडांचा बाण

मी जात्याच भित्री. पालीला भिते, विजेला भिते, दारात अनोळखी माणूस उभा राहिला तरी आधी आत पळते. हे सगळं हसण्यावारी नेता येतं. आगीच्या भीतीला मात्र कारण होतं. मी अकरा वर्षांची असताना आई स्टोव्हच्या भडक्यात गेली. त्यानंतर अप्पांनी तो स्टोव्ह घराबाहेर काढला आणि कोळशाची शेगडी आणली. काडी ओढायची ती त्यांनीच, आणि विझलेली काडी वाटीतल्या पाण्यात बुडवून मगच टाकायची. आईबद्दल घरात कुणी बोलत नसे, आणि भीतीबद्दल तर कुणीच नाही.

बेंगळुरात चिकपेठेमागच्या गल्लीत आमचं घर होतं. पुढं अप्पांचं शिवणाचं दुकान, मागं दोन खोल्या. आमच्या घराण्यातले कोण, कधी मराठी मुलूख सोडून इकडं आले ते अप्पांनाही सांगता येत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची सरमिसळ होते हे आमच्या ध्यानातही येत नसे. माणसं आम्ही तिघंच होतो: अप्पा, मी आणि माझा मोठा भाऊ, म्हणजे अण्णा. अण्णा एका कारखान्यात फिटर होता. ही गोष्ट घडली तेव्हा तो बावीसचा असेल आणि मी सोळाची. साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. रेडिओवर अधूनमधून बातमी यायची की अमक्या देशानं आभाळात अग्निबाण सोडला. ती ऐकताना अण्णा जेवायचा थांबायचा.

त्या वर्षी श्रावणात त्यानं अप्पांकडून कापड बेतायचा खाकी कागद मागून घेतला आणि त्यावर शिंप्याच्या खडूनं एक रॉकेट काढलं. कुठल्या पुस्तकातून उतरवलेलं नव्हतं, सगळं त्याच्या डोक्यातलं. उंची माझ्या कमरेएवढी. अंग खाकी कागदाचंच, चिंचोक्याच्या खळीनं थरावर थर चिकटवून केलेलं. नाक कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडून लेथवर फिरवून आणलेलं, चन्नपट्टणची खेळणी करतात त्या हलक्या लाकडाचं. प्लायवूडचे चार पंख. आणि खाली, पोटात, दिवाळीतले चार मोठे बाण, काड्या काढून एकत्र बांधलेले.

"एक पुरत नाही होय?" मी विचारलं.

"एक याला उचलत नाही गे. चौघांनी मिळून उचलायचं."

तोल बघायला तो रॉकेटला मशीनच्या दोऱ्यानं टांगून खोलीत गरगर फिरवायचा. नाक पुढं ठेवून फिरलं की ठीक, शेपूट पुढं आली की नाक हलकं. नाक जड करायला त्यानं आत बॉबिनी भरल्या. दुकानात अप्पा बॉबिनी शोधत मला ओरडायचे, मी मान खाली घालून ऐकायची आणि आत येऊन अण्णाला चिमटा काढायची. पॅराशूट मी शिवलं, कोटाच्या अस्तराच्या तुकड्यांचं. शिवताना प्रत्येक टाक्याला माझ्या मनात एकच यायचं, की हा आता आग लावायला शिकतोय आणि मी त्याला मदत करतेय. अप्पा येताजाता बघायचे, "पोरखेळ" म्हणायचे आणि पुढं जायचे. अडवत मात्र नव्हते. त्याचा मला अण्णापेक्षा अप्पांचाच जास्त राग यायचा.

दसऱ्याला उडवायचं ठरलं. सीमोल्लंघनाला गावाची वेस ओलांडायचीच असते, तर जरा लांबची ओलांडू, असं अण्णा म्हणाला.

आदल्या दिवशी आयुधपूजा. बेंगळुरात त्या दिवशी सायकलीपासून बसपर्यंत सगळ्यांना हार पडतात, दुकानादुकानासमोर कोहळे फुटतात. आमच्याकडं मशीन, कात्री, इस्त्री, टेप आणि सुयांची डबी पाटावर मांडायची. गंध कुठं लावायचं याची आमच्या घरची रीत ठरलेली होती: ज्या जागेनं हत्यार काम करतं तिथं. कात्रीच्या पात्याच्या टोकाला, सुईच्या नाकाला, इस्त्रीच्या तळाला. तिथं देवाचं बोट लागलं की हत्यार मालकाला इजा करत नाही, असं आजोबांपासून चालत आलेलं. आई गेली त्या वर्षी पूजेत स्टोव्ह मांडलाच नव्हता, ही गोष्ट माझ्या मनातून कधी गेली नाही.

अण्णानं सकाळीच बजावलं होतं. "रॉकेट पूजेत ठेवायचं नाही. त्याला पाण्याचा थेंबसुद्धा लागता नये. हात लावशील तर बघ." वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं ते कपाटावर ठेवलं.

दुपारी तो बाहेर गेला. अप्पा दुकानात आडवे झाले होते. मी स्टुलावर चढून रॉकेट खाली घेतलं, कागद सोडला आणि बघत बसले. खाली चार तोंडं, प्रत्येकातून एक वात, आणि चारी वाती मधे एकत्र पिळलेल्या. ते काम करणार ते याच तोंडांनी. मी सहाणेवरचं ओलं गंध बोटावर घेतलं आणि एका तोंडाला, वातीच्या अगदी मुळाशी, भरपूर लावलं. माझ्या भावाला सांभाळ, म्हटलं. दुसऱ्या तोंडाकडं बोट नेणार तेवढ्यात पुढं खाट करकरली. मी घाईघाईनं कागद गुंडाळला आणि रॉकेट होतं तिथं ठेवलं. मग मला चांगली झोप लागली. कितीतरी दिवसांनी.

दसऱ्याला सकाळी अप्पा टोपी घालून दारात तयार. "तुम्ही दोघंच कुठं जाणार? मीही येतो." आम्ही आनेकलची बस धरली. रॉकेट धोतरात गुंडाळून अण्णानं मांडीवर घेतलं होतं. कंडक्टरनं कन्नडमधून विचारलं, हे काय? अप्पा न अडखळता म्हणाले, लग्नाचं सामान. मला हसू आलं. ते त्या दिवसाचं शेवटचं हसू.

कारण मग अप्पांनी अण्णाला विचारलं, "या चारातला एखादा पेटला नाही तर काय होतं रे?"

"मग गेलंच." अण्णानं हातानं दाखवलं, तळहात सरळ वर आणि मग एकदम आडवा. "तीन ढकलतात, एक गप्प. एका अंगाला कलंडतं आणि जमिनीलगत सुटतं, कुणाच्याही अंगावर. उशिरा पेटला तर आणखी वाईट. म्हणून तर म्हटलं, पाणी लागता नये."

त्या वेळी बोलले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. तोंड उघडलंही. पण अण्णाचा चेहरा इतका खुलला होता, आणि दोन-अडीच महिन्यांची त्याची मेहनत मी एका बोटानं घालवली होती. उतरल्यावर सांगू, असं मी मनाशी म्हटलं. उतरल्यावर म्हटलं, चालताना सांगू. भित्र्या माणसाला वेळ पुढं ढकलायची कला फार चांगली येते.

आज जिथं इलेक्ट्रॉनिक सिटी आहे, त्या बाजूला तेव्हा नाचणीची शेतं होती आणि मधूनच खडकाळ माळ. त्या माळावर अण्णानं दुकानातल्या पडद्याची लोखंडी सळई रोवली आणि रॉकेटच्या अंगाला लावलेली कडी तिच्यावर ओवली. अप्पा सारखे म्हणत होते, "आज राहू दे. ऊन फार आहे." थोड्या वेळानं, "वारा सुटलाय रे, राहू दे." मग पुन्हा, "मुहूर्त टळला असेल." एरवी ते असे घोटाळणारे नव्हते. मला वाटलं, ऐन वेळी विरजण घालतायत. तरी मनात म्हणत होते, अप्पा, थांबवा त्याला, तुम्ही थांबवलंत तर मला सांगावं लागणार नाही.

"स्वल्प गप्प बसा अप्पा," अण्णा म्हणाला. त्यानं आम्हाला एका मोठ्या खडकाजवळ उभं केलं. लांब बांबूच्या टोकाला उदबत्ती बांधली, ती अप्पांकडून पेटवून घेतली आणि निघाला.

तो पावलं मोजत गेला. मीही मोजत होते. ओरडायचं ठरवलं आणि आवाजच आला नाही. शेजारी अप्पांचा श्वास मोठ्यानं ऐकू येत होता. अण्णा थांबला, गुडघ्यावर बसला, बांबू पुढं केला. उदबत्तीचं लाल टोक वातीकडं सरकताना मला आईच्या पदराचं टोक दिसलं. मग मी कशी धावले ते मला आठवत नाही. मी जाऊन ती उदबत्ती मुठीत धरली. पेटतं टोक तळहातात विझलं. डाव्या हातावर डाळीएवढा डाग अजून आहे.

"वेडी झालीस?" अण्णानं मला मागं ढकललं.

"गंध," मी म्हणाले. "मी गंध लावलंय. एका तोंडाला. काल."

त्यानं रॉकेट सळईवरून काढलं आणि उलटं केलं. मग विचारलं, "बसमध्ये का नाही सांगितलंस?"

"तू चिडला असतास."

"चिडलो असतो. मेलो नसतो ना गे."

ते वाक्य ऐकून मी खाली बसले. तो पुन्हा रॉकेटकडं वळला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "एका म्हणालीस ना? इथं दोन आहेत."

मी शपथ घेतली की एकच. त्यानं ते माझ्यासमोर धरलं. एका तोंडावर माझं गंध, वाळून पांढुरकं पडलेलं. आणि बरोबर समोरच्या तोंडावर दुसरं, नीट गोल.

"ते माझं," मागून अप्पा म्हणाले.

ते खडकाजवळून आमच्यापर्यंत आले होते. टोपी हातात घेतली होती. "काल तिन्हीसांजेला मी खाली काढलं होतं. एकीकडं लावलेलं दिसलं. मला कळलं कुणी लावलं ते. म्हटलं एका बाजूला आहे तर समोरच्या बाजूलाही पाहिजे. बाही दोन्हीकडं सारखी नको?"

"आणि बसमध्ये मी सांगितल्यावर?" अण्णानं विचारलं.

अप्पा नाचणीच्या शेताकडं बघत राहिले. "बोलणार होतो. धीर झाला नाही. भीती वाटते रे मला. तू कारखान्यात जातोस तेव्हा वाटते, ही शेगडीपाशी बसते तेव्हा वाटते. पाच वर्षं झाली, रोज वाटते."

पाच वर्षांत आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला होता, आणि तोही अप्पांच्या तोंडून. मला वाटायचं, घरात भित्री मी एकटीच.

अण्णा माझ्याशेजारी जमिनीवर बसला. त्यानं माझा भाजलेला हात आपल्या हातात घेतला. "मला काय वाटत नाही होय? रोज स्वप्नात तो स्टोव्ह येतो. एकदा तरी आग मी सांगेन तशी जळलेली बघायचीय, एवढंच."

त्यानं माझ्या तळहातावर बाटलीतलं पाणी ओतलं, आपल्या रुमालानं तो बांधला. मग रॉकेट मांडीवर घेऊन त्यानं गंध लागलेल्या दोन बाणांच्या वाती काळजीपूर्वक सोडवून उपटून काढल्या आणि उरलेल्या दोन एकत्र पिळल्या. "समोरासमोरच्या दोन राहिल्यात," तो म्हणाला. "सरळ जाईल. उंच नाही जाणार. अप्पा, तुमच्या बाहीमुळं वाचलं."

"पेटवायलाच पाहिजे का?" अप्पांनी विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात तर नाही."

मी अप्पांकडं बघितलं. ते नको म्हणणार याची मला खात्री होती, आणि मला तेच हवं होतं. त्यांनी खिशातून काडेपेटी काढली, नवी उदबत्ती पेटवली आणि विझलेली काडी बाटलीतल्या उरलेल्या पाण्यात टाकली. "सरी, ठीक आहे," म्हणाले. "जा."

खडकाआड मी अप्पांचा सदरा घट्ट धरून डोळे मिटले. फुस्स झालं, मग कानठळ्या बसवणारा सुसाट आवाज, आणि मी ओरडले, आता ओरडून काय उपयोग होता. डोळे उघडले तेव्हा अण्णा आमच्याकडं पळत येत होता आणि त्याच्या मागं धुराची एक सरळ रेघ उभी होती. रॉकेट दोन माडांएवढं उंच गेलं असेल. पॅराशूट उशिरा उघडलं, तेही अर्धंच. ते नाचणीत जाऊन पडलं. अप्पा धावत जाऊन आधी कुठं धूर निघतोय का ते बघून आले, सगळीकडं, दोनदा.

परतीच्या बसमध्ये जळकी नळी अप्पांच्या मांडीवर होती. त्यांनी ती कुणाला धरू दिली नाही. पंखावर बोट फिरवत ते खिडकीबाहेर बघत होते. चिकपेठ जवळ आल्यावर ते अण्णाकडं न बघताच म्हणाले, "पुढच्या वेळी वात जरा लांब ठेव."



"भीती वाटते अप्पा," मी म्हणाले, मोठ्यानं, भरलेल्या बसमध्ये.

"मलापण," ते म्हणाले, आणि सरकून मला खिडकीजवळ जागा करून दिली.