गोफाच्या हाका

किस्से कोणी ठरवून जमवीत नाही. उत्सवाच्या सामानाच्या पेटीत तुटक्या टिपऱ्या साठतात, तसे ते साठत जातात. उपयोग काही नसतो, फेकवतही नाहीत. आमच्या गोफाच्या मंडळींचे असे काही किस्से माझ्याजवळ उरले आहेत. चार जुने लोक जमले की कोणीतरी म्हणतोच, "मास्तर, ते उजव्या-डाव्याचं सांगा!" मला थट्टेची फारशी आवड नाही. परंतु जे घडले ते सांगण्यास हरकत नसावी.

*

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षे. अंबरनाथला कामगारांच्या वसाहतीत गणपतीपुढे दरवर्षी गोफ होत असे. हॉलच्या आढ्याला कडी, कडीला रंगीत दोऱ्या. प्रत्येक गड्याच्या एका हातात दोरीचे टोक, दुसऱ्या हातात टिपरी. निम्मे उजवीकडून निघायचे, निम्मे डावीकडून. एकाच्या आतून, पुढच्याच्या बाहेरून. वर दोऱ्यांची वेणी विणली जाई. मग सर्वांनी उलट फिरून ती सोडवायची. नियम एकच होता. देवापुढे विणलेला गोफ आरतीपूर्वी सुटला पाहिजे, आणि अडकला तरी त्याला कात्री लावायची नाही.

कोणी केव्हा कुठून वळायचे, याच्या हाका मंडळींना देत वामनराव. कारखान्यात फिटर होते. आयुष्यात त्यांनी दोनच गोष्टी मनापासून केल्या, देवपूजा आणि गोफ. पुढे त्यांच्या घशाचे दुखणे निघाले, शस्त्रक्रिया झाली आणि आवाज कायमचा गेला. त्या वर्षी हाकांवाचून गोफ अडकला. आरती खोळंबली.

उत्सवाचे अध्यक्ष रावसाहेब यांनी सभेत सांगून टाकले, "आणखी एक संधी. पुढल्या वेळी अडकला, तर गोफ बंद. ग्रामोफोन लावू!"

कोणीतरी म्हणाले, "मास्तरांचा आवाज मोठा आहे. वर्गात बोलले की स्टेशनात ऐकू येतं."

मी नकार देणार होतो. इतक्यात वामनरावांनी माझ्यासमोर येऊन हात जोडले. वयाने वडील असलेल्या माणसाने हात जोडल्यावर नाही म्हणणे मला जमले नाही.

*

पहिल्या तालमीला मी मंडळींकडे तोंड करून उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "उजवीकडे!"

माझा हात माझ्या उजवीकडे होता. निम्मे लोक हाताकडे पाहून गेले, निम्मे शब्द ऐकून. मधोमध टकरी झाल्या.

दगडू जवळच्या खरवई गावचा. घरी भातशेती, आणि कारखान्यात हमाली. तो कपाळ चोळीत म्हणाला, "मास्तर, उजवं तर आमी गेलो. पन कोनाचं उजवं? तुमचं का आमचं?"

"ज्याचे त्याचे!" मी म्हणालो.

"मग तुमचा हात आमच्यात कशाला घालता?"

 तेव्हापासून मी हात पाठीमागे बांधून हाका देऊ लागलो. उजवे-डावे सोडून दिले. फक्त ‘आतून’, ‘बाहेरून’ आणि ‘उलट’ एवढेच ठेवले. मोजके शब्द असले की चुकाही मोजक्या होतात.

*

ढोलकीला भाई टेकचंद होते. फाळणीत कराची सोडून निर्वासितांच्या कॅम्पात आलेले. त्यांचे उल्हासनगरला कापडाचे लहानसे दुकान होते. मराठी थोडे समजे. आमच्या गणपतीपुढे वाजवण्याचा मोबदला विचारला, तेव्हा म्हणाले, "भगवान का काम है, साईं. प्रसाद ज्यादा देना!"

मी हाक देई ती नेमकी ठेक्यावर. मला वाटे, यालाच अचूकपणा म्हणतात. पण लोक पाऊल उचलीत ते ठेका गेल्यावर. पाच-सहा फेऱ्या टेकचंदांनी सहन केल्या, मग ढोलकी थांबवली.

"मास्टरजी, गाडी निकल गई. अब आप सिटी मारता है!"

गडी हसले. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून वामनराव माझ्या पाठीमागे उभे राहू लागले. ठेका पडण्याच्या किंचित आधी ते माझ्या खांद्यावर बोट आपटत. हाक आधी द्यायची; पायाला ऐकायला वेळ लागतो, एवढे त्यांना सांगायचे होते. मला ते समजे, पण तोंडाला जमत नसे. बोट लागले की दचकून मी आधी टोपी मागे सारी आणि मग हाक देई. तोवर ठेका आलेला असे.

असे पंधरवडाभर चालले. मग एके दिवशी पाय सगळे बरोबर पडले. वामनरावांनी खांद्यावरचे बोट काढून घेतले, गड्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि समाधानाने जाऊन खुर्चीवर बसले. मला विद्या आली, असे मी समजलो.

*

घरीही सराव चाले. सकाळी पूजेला बसलो असता घंटा वाजवता वाजवता माझ्या तोंडून मोठ्याने निघाले, "उलट!"

स्वयंपाकघरातून पत्नी म्हणाली, "कोणाला सांगताय? देवाला?"

मी क्षमा मागून पुन्हा ध्यानाला लागलो. थोड्या वेळाने ती नैवेद्य घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली.

"आतून येऊ का बाहेरून?"

देवासमोर रागावणे बरे नव्हे. म्हणून रागावलो नाही.

*

ड्रॉइंग ऑफिसातले साठे हा आमच्यातला बुद्धिमान गडी. त्यांनी एकदा जमिनीवर खडूने पूर्ण गोफ काढून दिला. प्रत्येकाची वाट वेगळ्या रंगाची. खरोखर सुंदर काम होते. रांगोळी समजून बायका बघायला आल्या.

तालीम सुरू झाली. प्रत्येकजण आपापला रंग बघत खाली मान घालून निघाला आणि समोरच्यावर आदळला. साठ्यांच्या स्वतःच्या चष्म्याची काच गेली.

"नकाशा चूक नाही," साठे जमिनीवर बसून काच शोधीत म्हणाले. "माणसं चुकली!"

दगडू म्हणाला, "मग पुढल्या खेपेला मानसं काडा खडूनं!"

*

उत्सव आठ दिवसांवर आला होता. उकाडा फार. एका तालमीत मंडळी दोऱ्या धरून तयार उभी होती आणि टेकचंद नुसता ठेका धरून होते. मी अजून तोंडही उघडले नव्हते. घामाने टोपी कपाळाला चिकटली, म्हणून मी ती मागे सारली.

सगळे वर्तुळ फिरू लागले!

"थांबा!" मी ओरडलो. "हाक कोणी दिली?"

सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

"तुमीच की," दगडू म्हणाला.

"मी एक अक्षर उच्चारलेले नाही."

"मग आमी कसं फिरलो?"

या उद्धटपणावर मी मंडळींना चांगले सुनावले. शब्दाची वाट न पाहता पुढे जाणे हाच सर्व अनर्थांचा उगम होय, शिस्त म्हणजे आज्ञा ऐकणे, आज्ञेचा अंदाज करणे नव्हे, वगैरे. सर्वांनी माना खाली घालून ऐकले. मागे खुर्चीवर वामनराव तोंडाला उपरणे लावून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. घशाला त्रास होत असेल, असे मला वाटले.

*

गोफाचा दिवस. हॉल भरलेला. कारखान्याचे मोठे अधिकारी सहकुटुंब आलेले. कोपऱ्यात टेबलावर ग्रामोफोन कापडाने झाकून ठेवला होता. रावसाहेबांची तयारी पूर्ण होती. वामनराव पुढच्या रांगेत. त्यांनी त्या दिवशी उपवास धरल्याचे त्यांच्या मुलीने सांगितले.

मी आत जाणार, तोच रावसाहेबांनी अडवले. "मास्तर, टोपी काय घालता? आज पाहुणे आहेत!" त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या डोक्याला भरजरी फेटा बांधला. "मात्र हात लावू नका हं, सुटेल!"

मी हात पाठीशी बांधले आणि उभा राहिलो. टेकचंदांनी ढोलकीवर थाप दिली. मी हाक दिली, "आतून!" आवाज उत्तम लागला होता. साठे निघाले, दगडू थांबला. "बाहेरून!" दगडू निघाला, साठे थांबले. गडी माझ्याकडे डोळे फाडून पाहत होते. मी आणखी मोठ्याने हाका दिल्या. जितक्या मोठ्याने दिल्या तितके पाय अडखळले. अखेर वर कडीजवळ दोऱ्यांची एक गाठ बसली आणि सगळे जागच्या जागी उभे राहिले.

ढोलकी थांबली. आरतीचे तबक तयार होते.

"कात्री आणा," पाहुण्यांपैकी कोणीतरी म्हणाले.

"देवापुढे कात्री नाही," मी म्हणालो. याहून अधिक मला सुचले नाही.

रावसाहेब ग्रामोफोनकडे निघाले.

तेव्हा वामनराव उठले. दगडूचे मनगट धरून त्यांनी त्याला एका दोरीखालून मागे नेले, साठ्यांना एक पाऊल हटवले. मग माझ्याजवळ आले, माझ्या डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलून रावसाहेबांच्या हाती दिला आणि स्वतःची जुनी टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. हॉलमध्ये कोणी हसले नाही. वामनराव बोडक्या डोक्याने देवासमोर उभे राहिले.

टेकचंदांनी पुन्हा ठेका धरला. टोपी मला सैल होती, भुवयांवर उतरली. मी ती मागे सारली आणि म्हणालो, "उलट!"

गाठ हलली. टिपऱ्या एका आवाजात वाजल्या. टोपी पुन्हा पुन्हा उतरत होती, मी पुन्हा पुन्हा मागे सारीत होतो. वेणी खालून वर उकलत गेली आणि दोऱ्या मोकळ्या होऊन लोंबू लागल्या. रावसाहेबांनी फेटा काखेत धरून कापूर पेटवला.

आरती झाल्यावर दगडू प्रसाद खात माझ्याजवळ आला.

"आवाज ब्येस होता, मास्तर," तो म्हणाला. "पन पयलं कायच ऐकू येईना. टोपी घातली, तवा ऐकू आलं!"