उतरणीच्या खुणा

लिओबा हेमरला कुणी विचारलं, तुम्ही करता काय, तर ती म्हणायची, "झाडांना पट्ट्या मारते." ऐकणाऱ्याला वाटायचं, लहर आली की बाई ब्रश घेऊन रानात पळत असतील. पण फाल्त्सच्या जंगलात पट्टी मारणं हा पोरखेळ नाही. रानातल्या पायवाटा राखणाऱ्या हौशी वनसंघाने तुमच्याकडे वाट सोपवली की ती वाट तुमची. तिच्यावर कुणी चुकलं तर तो दोष पावसाचा नाही, धुक्याचा नाही, तुमचा.

आयुष्यभर लिओबा बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बसली. चामड्याचे वरचे तुकडे शिवायचे, दिवसाला किती ते तिचं तिलाच ठाऊक. आपण शिवलेले बूट घालून लोक कुठे जातात हे मात्र तिला कधी कळलं नाही, आणि याची तिला भारी चुटपुट होती. म्हणून शनिवार उजाडला की ती रानात. नवरा गेबहार्ड सुतार होता, अबोल, आणि तिच्यामागून यायला एका पायावर तयार. दोघांना हे काम शिकवलं म्हाताऱ्या कास्परने. तो आधीचा वाटराखा, तोंडाने फटकळ. "खूण तुमच्यासाठी नाही," तो म्हणायचा, "तुम्हाला वाट येते. जो गाढव पहिल्यांदा आलाय त्याच्यासाठी आहे."

खूण म्हणजे पंजाएवढी पट्टी, वर पांढरी, खाली निळी. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. दर तीन वर्षांनी रंग नवा. आणि मुख्य गोष्ट अशी की एकच वाट दोनदा रंगवायची, कारण चढणाऱ्याला झाडाची एक बाजू दिसते आणि उतरणाऱ्याला दुसरी. या नवरा-बायकोने सरळ वाटणी केली होती. चढताना लिओबा रंगवायची आणि गेबहार्ड डबा धरायचा. माथ्यावर बसून पाव, लिव्हरचं सॉसेज आणि सोडा घातलेली वाइन. उतरताना तो रंगवायचा आणि डबा हिच्याकडे. त्याच्या पट्ट्या हटकून डावीकडे कललेल्या असत.

"सुतार ना तू? तुझी कपाटं पण अशीच असतात का रे?" ती विचारायची.

"कपाटाला दम लागत नाही," तो म्हणायचा. बायकोशी वाद घालण्याची त्याची मजल एवढीच.

माथ्यावर सात धोबिणी. लाल वाळूच्या दगडाचे सात उंच सुळके, कमरेत वाकलेले, पाऊस पडून गेला तरी दिवसभर पाणी गाळत उभे. गावातून निघालेली वाट झऱ्यावरून वर येते आणि पाचव्या-सहाव्या धोबिणींमधल्या फटीतून माथ्यावर शिरते. माथ्यावरून बघाल तर सुळक्यांमधल्या सहाही फटी सारख्याच. त्यातली एक घरी नेते. तिसरी नेते सरळ कड्यावर.

सहा वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, गेबहार्ड झोपेतच गेला. त्या वसंतात लिओबा एकटी डबा घेऊन वर गेली, चढणीच्या खुणा रंगवल्या, पाव खाल्ला, आणि डब्याचं झाकण घट्ट लावून खाली आली. उतरणीवर त्याच्या कललेल्या पट्ट्या होत्या. त्यांच्यावर ब्रश फिरवायला तिचा हात धजेना. पुढे तीन वर्षांनीही तेच. दिसतायत की चांगल्या, ती मनाला सांगायची, आणि तिला खरंच दिसत होत्या. कुठल्या झाडावर कुठे आहे हे पाठ असलेल्या माणसाला शेवाळाखालचा रंगसुद्धा दिसतो. वाटराख्यांनाच होणारी ही चूक आहे. कास्पर असता तर त्याने तिला फाडून खाल्लं असतं.

गेल्या ऑक्टोबरात ती वनसंघाच्या खानावळीत शिरली तर कुणी नेहमीसारखी हाक मारली नाही. वेंडेल ती खानावळ चालवतो, संघाचा प्रमुखही तोच. त्याने न मागता तिच्यापुढे वाइनचा पेला ठेवला आणि तो समोर बसला.

"काल धोबिणींपाशी एक बाई चुकली," तो म्हणाला. "उत्तरेकडची, समुद्रकाठची. तिसऱ्या फटीतून गेली. कड्याच्या अलीकडे पाय मुरगळला म्हणून वाचली म्हणायची. संध्याकाळी बचावपथकाने उचलून आणली."

"चढणीच्या खुणा मी वेळच्या वेळी..."

"चढणीच्या चकाचक आहेत गं. चढायला कोण चुकलं?"

लिओबाने पेला बाजूला सारला.

"वनखात्याचं पत्र येणार," वेंडेल म्हणाला. "ईस्टरपर्यंत उतरण रंगवली नाही तर झऱ्यापासून वरची वाट नकाशातून जाईल. त्यांचं काही चुकत नाही. तुला जमणार नसेल तर सांग, मी दुसरं कुणी पाठवतो. तुझ्या मनातलं मला काय कळत नाही होय?"

"कळत होतं तर सहा वर्षं गप्प का बसलास?"

"मला तुझी भीती वाटते म्हणून," वेंडेल म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आलुबुखाराचा केक घेऊन त्या बाईला भेटायला गेली. डॉर्टे लुंड तिचं नाव. नोकरी संपल्यावर लेकीजवळ राहायला आली होती. पाय उशीवर, पायाला पट्टी. लिओबाने दारातच सांगून टाकलं, "तुम्ही पडलात ते माझ्यामुळे."

"मग केक आत आणा," डॉर्टे म्हणाली. "आमच्याकडे सगळ्यात उंच म्हणजे समुद्राचा बांध. तुमच्या डोंगरात मी एकटीच शिरले, थोडं चुकलं माझंही." मग ती म्हणाली, "चढताना मात्र वाटत होतं कुणीतरी हाताला धरून नेतंय. उतरताना त्यानं हात सोडला."

लिओबाने केकचा पहिला तुकडा कापून तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "उतरतानाचा हात माझ्या नवऱ्याचा होता." आणि सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते या परक्या बाईला सगळं सांगितलं. डॉर्टेने समजूत वगैरे घातली नाही. ती एवढंच म्हणाली, "मग आता तुम्ही काय करणार?"

याचं उत्तर लिओबाला मार्चच्या शेवटापर्यंत ठाऊक नव्हतं. वाट गेली तर गेबहार्डच्या खुणा शेवाळाखाली तशाच राहणार होत्या, आणि त्या बघायला कुणी येणार नव्हतं. रंगवल्या तर वाट राहणार आणि त्याचा हात जाणार. हिवाळाभर ती हेच घोळवत राहिली. एकदा तर वेंडेलला फोन लावला, दुसऱ्याला पाठव म्हणायला, आणि बटाट्यांचा भाव विचारून ठेवून दिला.

ईस्टरला आठवडा उरला तेव्हा ती निघाली. माथ्यावर पोचून सहाव्या धोबिणीसमोर उभी राहिली. उतरणीची पहिली खूण त्या दगडावर. कललेली, फिकट, खालचा निळा तर जवळजवळ गेलेला. नवा रंग धरावा म्हणून जुन्याचे सुटलेले पोपडे आधी खरवडावे लागतात. तिने खरवडणी लावली, दात आवळले आणि ओढली.

नखाएवढा पोपडा निघून तळहातावर पडला. तो जाड होता. तिने चष्मा वर करून कड पाहिली तर थरावर थर, तिच्या हातून गेलेल्या चामड्याच्या कडेसारखे. निळा, निळा, निळा, निळा. चार वेळा गेबहार्ड. आणि सगळ्यात खाली हिरवा.

हिरवा रंग कास्परचा. त्याच्या काळी ही वाट हिरव्या पट्टीची होती. गेबहार्डला बाप नव्हता, कास्परवर त्याचा जीव होता. आणि कास्परला पुरलं त्याच वसंतात तो इथे उभा राहून त्या हिरव्यावर निळा मारत होता. तिने तेव्हा डबा धरून विचारलं होतं, "तुला काही वाटत नाही का रे?" तो म्हणाला होता, "वाटतं ना. पण पुसट झालीय." आणि ब्रश बुडवला होता.

लिओबा दगडाला टेकून हसली, मग रडली, मग रुमालाने नाक पुसून तिने त्या मेलेल्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या. एवढं साधं सांगून गेला होता आणि हिच्या डोक्यात शिरायला सहा वर्षं लागली. रडणं संपल्यावर तिला फार हलकं वाटलं. या माणसाबरोबर सत्तावीस वर्षं डोंगर चढायला मिळाला, तिच्या मनात आलं, आणखी काय हवं होतं आपल्याला. मग तिने ब्रश बुडवला. दोन दिवसांत त्रेचाळीस खुणा झाल्या, सगळ्या सरळ. जागा मात्र एकीचीही बदलली नाही.

नव्याने रंगवलेली वाट आधी अनोळखी माणसाने चालायची, असा संघाचा शिरस्ता आहे. रंगवणाऱ्याने वीस पावलं मागे राहायचं आणि तोंड उघडायचं नाही. चुकला तर चुकू द्यायचं, मग खूण वाढवायची. वेंडेलने माणूस शोधायला घेतला तेव्हा लिओबा म्हणाली, "माणूस आहे माझ्याकडे."

डॉर्टे काठी घेऊन आली. वर चढली, पाव खाल्ला, धोबिणींकडे पाठ करून थोडा वेळ दरी बघत बसली. मग उठून वळली आणि सहा फटींसमोर थबकली. तिचा चेहरा उतरला. तिसऱ्या फटीकडे बघून तिने काठी घट्ट धरली. लिओबाने गळ्यातल्या रुमालाचं टोक दातात धरलं. सांगावंसं वाटत होतं, जिभेवर आलं होतं, पण सांगितलं तर ती खूण काही कामाची नव्हती.

डॉर्टेची नजर एकेका दगडावरून सरकली आणि सहाव्यावर थांबली. ती जवळ गेली, पट्टीवर तळहात टेकवला, आणि आत शिरली.

लिओबा मागोमाग त्या खुणेपाशी आली. इतकी वर्षं ती ही उतरण पाठ असल्यासारखी उतरली होती. आज तिने अनोळखी माणसासारखी मान वर केली. फटीच्या पलीकडे, बीचच्या झाडाच्या खोडावर, अगदी नजर जाते तिथेच, पुढची खूण होती. कास्परने जागा किती नेमकी निवडली होती आणि गेबहार्डने ती का सोडली नव्हती हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

झऱ्यापाशी डॉर्टे थांबली. घामेजलेली, पण चेहरा उजळलेला. "एकदाही चुकले नाही," ती म्हणाली. "लिओबा, आभार. खरंच."

लिओबाने रुमाल दातातून सोडला. नेहमीसारखी थट्टा तिच्या तोंडाशी आली होती, पण तिने ती गिळली.

"आम्ही तिघं होतो," ती म्हणाली.