अकरा मोटरींची पाळी

शिवारातली डीपी, म्हणजे मोटरींना लाइट देणारा ट्रान्सफॉर्मर, पहिल्यांदा जळाली ती लोकांच्या ऑटो स्विचमुळे. दुसऱ्यांदा जळाली ती माझ्यामुळे. आता मी हे हसत सांगते.

आमच्या हट्टा गावाकडे तेव्हा लाइटीचा नेम नसायचा. ती आली की एका डीपीवरच्या अकरा मोटरी ऑटो स्विचनं आपोआप, एकदम उठायच्या आणि डीपी धूर काढायची. मी नुकतीच डिप्लोमा करून घरी आलेली, अंगात मस्ती. चिपा बसवून अकरा डबे केले, मोटरीमागं एक. लाइट आली की मोटरीनं दहा सेकंद थांबून मगच चालू व्हायचं. कोड एकदाच लिहिला आणि तोच सगळ्या चिपांत भरला. झालं! अकरा मोटरी इमानदारीनं दहा सेकंद थांबल्या आणि पुन्हा एकदम उठल्या. डीपी गेली.

पाण्याविना शेतातली हळद माना टाकायला लागली. लोक वडिलांच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात येऊन नको नको ते बोलले. वडील म्हणाले, "आता जळाली तर दुकानाला कुलूप लावतो." मला माझीच चीड आली.

मग प्रत्येक डब्याला जुना मोबाइल जोडला. मिस कॉलला पैसे पडत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही माहीत. एक मोटर नीट चालू झाली की तिच्या डब्यानं पुढच्याला मिस कॉल द्यायचा, मगच त्याची मोटर उठायची. पण पुढचा कोण? पहिल्या नंबरासाठी हीऽ भांडणं! यादी तीनदा फिरली. दरवेळी अकरा कोड हातानं लिहिले असते तर घोळ ठरलेलाच होता. म्हणून मी कोड लिहिणारा प्रोग्रामच लिहिला. कोणाची मोटर, किती एचपीची, कोणामागून कोण, एवढं भरलं की अकरा वेगवेगळे कोड तयार. म्हटलं, भांडा आता पोटभर.

"मशीननं लिव्हलेल्यावर भरवसा कसा करावा, पोरी?" वडिलांनी विचारलं.

"ते माझ्यावानी शहाणपणा करत न्हाई, बाबा."

नवी डीपी बसली. सकाळी लाइट आली तेव्हा सगळे बांधावर उभे होते. पहिली मोटर उठली. मग दुसरी. वडील डोळे मिटून आवाजावर मोजत होते. दहावीनंतर काहीच नाही. मग लांबून अकरावी घरघरली. डीपी गपगार, थंड! मी तिथंच ओरडले, नाचले, लाजबीज काही वाटली नाही.

वडिलांनी डोळे उघडले आणि ते दुकानात येऊन बोललेल्या त्याच लोकांकडं वळले.

"अकरावी खरखर करून राहिली. बेरिंग गेलं तिचं. दुपारून आणा, दुकान उघडंच हाय."