उजेडात पिणारा माणूस

अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात दारू उजेडात पिणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा थोरला मामा आहे. बाकीचे पीत नाहीत असं मला मुळीच म्हणायचं नाही. बाकीचे बागेच्या गडग्याआड पितात, ओढून ठेवलेल्या होडीत आडवं पडून पितात, प्रचाराच्या मांडवामागे पितात, आणि दुसऱ्या दिवशी व्यसनमुक्तीच्या सभेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. मामा रविवारी दुपारी चार वाजता ओटीवर रस्त्याकडे तोंड करून बसतो. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, समोर स्टुलावर एक ग्लास, एक पाण्याचा तांब्या आणि सिंगल माल्ट स्कॉचची एक बाटली. पाठीमागच्या भिंतीवर सरकारने दिलेला मद्यपानाचा आजीवन परवाना, लॅमिनेट करून, काचेच्या चौकटीत. खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून दोन झाकणं ग्लासात पडतात. पाच वाजता बाटली कपाटात जाते ती थेट पुढच्या रविवारपर्यंत. रस्त्याने जाणारा कोणी बघून न बघितल्यासारखं करू लागला, तर मामा मुद्दाम हाक मारतो, "काय गुरुजी, बरं हाय ना?" गुरुजींना मान वर करून ग्लासाकडे बघावंच लागतं.

आता माझी अडचण सांगते. मी दारूबंदी संघटनेच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. माझ्या आईने वाडीतल्या बायकांना घेऊन तीन हातभट्ट्या मोडल्या. आमच्या घरी रद्दी म्हणजे उरलेली पत्रकं, आणि माझं पहिलं अक्षर मी त्यांच्याच पाठीवर गिरवलं. पंचशीलातलं पाचवं शील आम्ही नुसतं म्हणत नाही, पाळतो. मी थेंब घेतलेला नाही, घेणारही नाही. आई मामाला भाऊ मानते, पण रविवारी चार ते पाच सोडून. कॉलेजात असताना मी मामाच्या विरोधात एक पत्रक लिहिलं आणि तत्त्वाला जागून आधी त्यालाच वाचायला नेलं. चष्मा लावून त्याने दोनदा वाचलं आणि म्हणाला, "झकास लिवलंस गो बाय. फक्त दुसऱ्या परिच्छेदात तू हातभट्टी नि माल्ट एकाच पिंपात ओतलीस, तेवढं सुधार." मी सुधारलं नाही. पण पत्रक छापलंही नाही.

मामाला ही विद्या पिऊन आलेली नाही, धुवून आलेली आहे. तो मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात बत्तीस वर्षं बारमध्ये होता. त्यातली पहिली नऊ वर्षं ग्लास धुण्यात गेली. गिऱ्हाईक उठून गेलं की रिकामा ग्लास मोरीत येई, आणि मामा तो धुण्याआधी नाकाशी धरी. तो म्हणतो, भरल्या ग्लासात दारू नटूनथटून बसलेली असते, रिकाम्या ग्लासात ती पदर खोचून घरात वावरते. नऊ वर्षं असा वास घेऊन घेऊन त्याच्या नाकाला स्कॉटलंडचा नकाशा पाठ झाला. पुढे तो काउंटरमागे उभा राहिला, पण बोलायचं काम टाय लावलेल्या मॅनेजरचं. गिऱ्हाईक विचारी, आज कोणती घेऊ? मॅनेजर हळूच मामाकडे बघे, मामा एका बाटलीला बोट लावी, आणि मॅनेजर इंग्रजीत पाच मिनिटं बोले. बत्तीस वर्षं मामाचं बोट निवडत होतं आणि कौतुक टायचं होत होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतानाही त्याला तिथे 'बॉय' म्हणत. हे सांगताना मामा हसतो. मला हसू येत नाही. त्याची एकच इच्छा होती, ती त्याने मला एकदाच सांगितली. "मला कुणीतरी खुर्चीत बसवून इचारायला पायजे होतं गो, तुला कसं लागतं?"

गावी आल्यावर त्याने टायची भाषा टाकून दिली. आखातातले दोन पुतणे वर्षाला एकेक बाटली आणतात, ती आली की मामा वरचं लेबल कागदाने झाकतो आणि आपलं नाव लिहितो. बेटावरची, धुराने भरलेली, खारट वासाची, तिचं नाव 'हर्णे'. बंदरात मासळीचा लिलाव उठून गेल्यावरची ओली दोरखंडं आणि मागे कोणीतरी शेतात भाजावळीला पालापाचोळ्याचा राब पेटवलेला, असा तिचा वास म्हणे. डोंगरातली, मऊ, फुलांच्या अंगाची, ती 'केळशी'. एक अशी आहे की पिंपातून काढल्यावर तिच्यात पाणी मिसळतच नाहीत. तिचं नाव 'पोफळी', कारण पोफळीच्या वीजघरासारखी तिच्यापासूनही वीज तयार होते. आणि ज्या बाटलीत आंब्याच्या अढीतल्या पेंढ्याचा वास येतो, ती त्याने आईच्या नावाने ठेवली आहे. आईला हे माहीत नाही. कृपया कोणी सांगू नये.

त्याच्या तत्त्वनिष्ठेपुढे आमची संघटना फिकी पडेल. शिमग्याला आलेला एक मुंबईकर चुलतभाऊ सोड्याची बाटली आणि फरसाण घेऊन ओटीवर चढला, तेव्हा मामाने त्याला पायरीवरच थांबवलं. "सोडा घालायचा असंल तर घरी जाऊन भज्यात घाल." आईने तिसरी हातभट्टी मोडली तेव्हा पहार घेऊन मामाच पुढे होता. पण पिंप फोडण्याआधी त्याने झाकण उघडलं, डोळे मिटून वास घेतला आणि भट्टीवाल्याला सगळ्यांसमोर झापलं, "नवसागर किती टाकलाय रे? माणसं मारतोस?" आणि मग फोडलं. आई अजून म्हणते, ह्याने माझ्या मोर्चात परीक्षण केलं.

तर अशा मामाला गेल्या वर्षी समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमधून बोलावणं आलं. मालक आंब्याचे मोठे बागायतदार, चाळिशीचे, सगळे त्यांना शेट म्हणतात. नव्या बारसाठी चार माल्ट निवडायच्या होत्या. पुण्याहून एक जाणकार येणार होते, सात-आठ पाहुणे होते. शेट स्वतः गाडीतून आले आणि खाली न उतरता म्हणाले, "अरे, तू मुंबईला बारमध्ये होतास ना? रविवारी ये. ओतायला माणूस हवाय."

मामापेक्षा हा माणूस पंचवीस वर्षांनी लहान. मी तोंड उघडलं होतं, पण मामाने हात वर केला.

"ओतायला नाय येणार, शेट. चाखायला बोलवा, तर येतो. खुर्ची लागंल. आणि पाणी माझं."

"खुर्ची?" शेट हसले. "बरं, एक जास्तीची टाकू. गंमत होईल."

"आणि सकाळी अकराला. जेवल्यावर जिभेवर भरवसा नसतो."

रविवारी मी स्कूटर चालवत होते आणि मामा मागे, मांडीवर आमच्या वाडीच्या विहिरीच्या पाण्याची स्टीलची बरणी धरून, वरातीतल्या नवऱ्यासारखा ताठ. खुर्ची होती. टेबलाच्या अगदी टोकाला, प्लॅस्टिकची, बाकीच्या वेताच्या. मामा बसला. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि मनात भाषण जुळवू लागले, कारण आता अपमान होणार हे मला स्वच्छ दिसत होतं.

पहिली बाटली फिरली. पुण्याच्या जाणकारांनी ग्लास गोल फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! समुद्र! मीठ, शेवाळ, ओलं लाकूड. नक्की बेटावरची." पाहुण्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना समुद्र लागला. समोर खिडकीत तो होताच. मामाने वास घेतला, पुन्हा घेतला. मग ग्लास उलटा करून बाहेरच्या बाजूने हुंगला.

"साहेब, ही डोंगरातली हाय. ही केळशी." कोणालाच कळलं नाही. "समुद्र हिच्यात नाय. समुद्र फडक्यात हाय. ग्लास ज्या फडक्यानं पुसलेत, त्यानं आधी बांगड्याच्या बशा पुसल्यात."

शेटनी स्वयंपाकघरातून फडकं मागवलं. ते टेबलावर आलं आणि पुढे काही बोलायची गरज उरली नाही. पुण्याचे जाणकार, मी प्रामाणिकपणे लिहिते, मोठ्या मनाचे निघाले. त्यांनी फडकं हुंगलं, ग्लास हुंगला आणि पोट धरून हसले. शेट मात्र लाल झाले होते. "ठीक आहे," ते मामाला म्हणाले, "तुला धुवायची सवय आहे. घे, सगळे धुवून आण."

मला वाटलं, झालं. कारण मामाला मी ओळखते. खराब ग्लास समोर दिसला की त्याचे हात आपोआप उठतात. ते उठलेच. टेबलाच्या कडेपर्यंत गेले. मग त्याने ते परत घेतले आणि मांडीवर ठेवले.

"आज मी बसलोय, शेट. कसं धुवायचं ते सांगतो. धुवा तुमी."

पाहुणे बघत होते, जाणकार बघत होते. शेट उठले. आणि महाशय, मी आयुष्यात शंभर मोर्चे पाहिले असतील, पण त्या बेसिनसमोरच्या दृश्याची सर एकालाही नाही. "कडत पाणी घ्या. साबण नको. नुसतं पाणी. आता झटका. पुसू नका, उपडे ठेवा. घाई नको, वाळू द्या." मामा खुर्चीतून सांगत होता, हळू आवाजात, मुलाला पोहायला शिकवावं तसा. त्यात सूड नव्हता. मला हवा होता, पण नव्हता.

ग्लास वाळले. पुन्हा ओतली गेली. मामाने बरणी पुढे केली, आणि प्रत्येकाने चमच्याने चार-चार थेंब घातले. "आता फुलंल ती," मामा म्हणाला. आणि ती फुलली असावी, कारण सगळी नाकं ग्लासात गेली ती वर येईनात. एका पाहुण्या बाईंनी चमचाभर पाणी नुसतंच चाखून विचारलं, "पाणी कुठलं हो हे? किती गोड आहे."

"आमच्या वाडीच्या विहिरीचं."

शेटचा हात ओठांपाशी थांबला. आमची वाडी कोणाची, हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांच्या घरात त्या विहिरीचं पाणी कधी कोणी घेतलं नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं. माझं भाषण तयार होतं, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या घोषणेपर्यंत. मामाने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी ते गिळलं. शेट क्षणभर ग्लासाकडे बघत राहिले आणि मग प्यायले. पूर्ण. ग्लास खाली ठेवून ते म्हणाले, "मामा, तुम्हाला... कसं लागतं?"

मामाने ग्लास उजेडाकडे धरला, एक घोट घेतला, खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, "आता नीट लागतंय."

त्या चारही बाटल्या त्याने निवडल्या. शेट आता रस्त्यात दिसले की गाडीतून उतरतात. एवढ्याने समता आली असं लिहायला मी मूर्ख नाही. पण गाडीतून उतरतात, हेही मी लिहिणारच.

गेल्या भाद्रपदात मामाला मोठा ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित. मामाने पहिल्याच रविवारी चारला बाटली उघडली, वास घेतला, झाकण लावलं. सगळ्या बाटल्या ओळीने उघडल्या. पोफळीसुद्धा मुकी. पुढच्या रविवारी खुर्ची ओटीवर होती, सदरा इस्त्रीचा होता, पण ग्लास कोरडा होता. आईने ते आमच्या अंगणातून पाहिलं. चारच्या ठोक्याला ती कधी तिकडे बघत नाही. मग ती मला म्हणाली, "जा. तुला नाक आहे ना?"

तेव्हापासून मी जाते. शील पाळून जाते. ग्लास ओठांना लावत नाही. मामा दोन झाकणं ओततो, चार थेंब पाणी घालतो, घोट घोट पितो, आणि रिकामा झालेला ग्लास माझ्या हातात देतो. माझ्यासाठी त्याने दुसरी खुर्ची आणली आहे, वेताची. "बस गो बाय," तो म्हणतो. "सांग. कसं लागतं?"

मी डोळे मिटून रिकामा ग्लास नाकाशी धरते. आधी काहीच येत नाही. मग दूर कोणीतरी राब पेटवतं, ओली दोरखंडं वाळू लागतात. मी सांगत जाते, आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेला मामा मान हलवत राहतो.