पास झाली की सुटली

शाळा तपासणारे डिपोटीसाहेब परीक्षा घेऊन गेले त्याला आठवडा झाला, तरी शाळेतला चुन्याचा वास काही जात नाही. दर वर्षी हेच. वर्षभर त्या भिंतींकडे कुणी ढुंकून बघत नाही, आणि साहेब येणार म्हटलं की शिड्या येतात, बादल्या येतात, सगळे वर्ग पांढरेफेक होतात. मुली टेकून बसतात, पाठीला पट्टे घेऊन घरी जातात आणि त्यांच्या आया बोल मला लावतात. परीक्षेच्या धांदलीत हा वास जाणवतही नाही. ती संपली, मुली पांगल्या आणि मी एकटीच पाट्या रचत बसले, की दुपारच्या उन्हाबरोबर तो असा काही अंगावर येतो, की माझी बाईगिरी कुठल्या कुठे जाते. बडोद्यात, वाडी भागातल्या एका बोळातली, तेलानं चप्प बसवलेल्या वेणीची मुलगी होऊन मी बस्करावर बसलेली असते आणि माझ्या शेजारी ती असते. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला ते आवडायचं नाही.

तिचं घर आमच्या घरासमोर होतं. तिचे वडील सरकारच्या घोडदळात, माझे कचेरीत कारकून. मुलींनाही शाळेत घातलंच पाहिजे असा महाराजांचा कायदा आला, तेव्हा आमच्या घरात त्याच्यावर काय काथ्याकूट झाला! वडील कायद्याची कलमं वाचून दाखवायचे आणि आत्या ताटावरून उठून जायची. शिकलेल्या मुलीचा नवरा जगत नाही, हे तिचं ठाम मत. पुढे माझं कुंकू पुसलं गेलं तेव्हा तिनं रडता रडताही, मी सांगितलं नव्हतं का, म्हणून सगळ्यांना ऐकवलंच. समोरच्या घरात मात्र वादाचं नाव नव्हतं. तिच्या वडिलांनी पागोटं डोक्यावर ठेवता ठेवता बायकोला सांगितलं, "हुजुरांचा हुकूम आहे, पोरीनं उद्यापासून जायचं." संपलं. हुकूम का आहे, चांगला की वाईट, हे घोडदळातल्या माणसानं विचारायचं नसतं. त्या वेळी मला तिच्या घराचा हेवा वाटला होता.

आम्हांला गोळा करायला शाळेची एक गुजराती बाई यायची. बोळाच्या तोंडाशी उभी राहून उशीर होतोय म्हणून ती खणखणीत आवाजात ओरडायची, "चालो छोकरीओ, मोडुं थाय छे!" मग एकेका दारातून एकेक परकर बाहेर पडायचा. कुणी रडत, कुणी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबत, कुणी धाकटा भाऊ कडेवर घेऊन. ती मात्र त्या हाकेच्या आधीच ओट्यावर तयार असायची. शाळेचं वेड म्हणतात ते मी तिच्यात पाहिलं. पावकी-निमकी ती उलटी म्हणायची, निव्वळ गंमत म्हणून. वाण्याकडून गुळाचा पुडा आणला, की गूळ राहायचा बाजूला आणि ही पुड्याचा कागद वाचत बसायची. आईच्या धपाट्यानंच उठायची. मी बरी होते, ती हुशार होती. यात मला कधी कमीपणा वाटला नाही, उन्हाळ्यात ऊन असतं तसं ते होतं.

आमचा सक्तीचा शेवटचा वर्ग आला. कायद्यात तेव्हा असं होतं, की मुलीनं नेमलेली इयत्ता पास केली किंवा नेमलेलं वय पुरं केलं, की तिला शाळेत पाठवण्याची सक्ती उरत नाही. परीक्षा जवळ आली तेव्हा बाईंनी आम्हांला दम भरला, "पास होतील त्या सुटतील. नापास होतील त्यांना कायद्यानं परत याच वर्गात बसावं लागेल, ध्यानात ठेवा!" सगळ्या मुली भराभर पाढे घोकायला लागल्या. ही माझ्या शेजारी ताठ बसली होती, आणि तिचे डोळे असे चमकले की बाईंनी तिला बक्षीस कबूल केलं असावं असं मला वाटलं.

परतताना, गोळा करणारी बाई पुढे गेल्यावर, तिनं माझा दंड धरला. "मी नापास होणार."

"अगं चल! तुला काय येत नाही म्हणून नापास होशील?"

"सगळं येतंय, म्हणूनच तर. बाबा म्हणाले, पास झाली की सुटलो. हुकूम तेवढाच आहे. मग आईच्या हाताखाली, आणि पाळणा." तिची आई तेव्हा दिवसात होती. "नापास झाले तर मला कुणी घरी बसवू शकत नाही, बाबासुद्धा नाही. कायदाच आहे."

मला हसू आलं आणि लगेच भीतीही वाटली. ती थट्टा करत नव्हती.

परीक्षेच्या दिवशी असेच पांढरे वर्ग, असाच वास. डिपोटीसाहेब मोठे दयाळू गृहस्थ होते आणि त्यांच्या दयेनंच तिचे हाल झाले. त्यांनी तिला पाठ वाचायला सांगितला. वाचता येणाऱ्या माणसाला न वाचणं किती जड जातं, ते मी त्या दिवशी पाहिलं. ओळ डोळ्यांसमोर आली की ओठ आपोआप हलायचे आणि ती ते दातांनी दाबून धरायची. मग एखादा भलताच शब्द उच्चारायची. साहेबांना वाटलं, पोर घाबरली. त्यांनी सोपं विचारलं, मग त्याहून सोपं. आपल्या गावाच्या कडेनं कोणती नदी वाहते? सगळा वर्ग मनातल्या मनात विश्वामित्री, विश्वामित्री करत होता आणि ही म्हणाली, "तापी." बाईंचा चेहरा उतरला. शेवटी साहेबांनी पाटी तिच्यापुढे सरकवली आणि अगदी मायेनं म्हणाले, "बरं बाळ, नुसतं आपलं नाव काढून दाखव." तिनं पेन्सिल धरली. बराच वेळ धरून ठेवली. मग काहीतरी वेडंवाकडं ओढलं, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. साहेबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. येत नाही म्हणून रडते आहे, असं सगळ्यांनाच वाटलं.

एक वर्ष मिळालं तिला. त्यासाठी तिनं काय मोजलं हे त्या वयात मला कळलं नाही. बाईंनी तिला मारलं नाही, रागावल्याही नाहीत; त्यांनी तिला विचारायचंच सोडून दिलं. भिंतीकडेला मागे बसवली. मुली येता-जाता ढब्बू म्हणू लागल्या. तिच्या आईनं विहिरीवर चारचौघींत सांगितलं, पोर कामाला चांगली आहे, डोक्यानं जरा मंद आहे. लग्न ठरेपर्यंत जाऊ दे असं वडील म्हणाले, म्हणून मी वरच्या वर्गात गेले होते. दोन वर्गांच्या मध्ये नुसता तट्ट्या होता, आणि त्याच्या फटीतून ती आमचे धडे ऐकायची. मधल्या सुट्टीत मी तिला माझं पुस्तक द्यायची, ती अंजिराच्या झाडामागे बसून ते अधाशासारखी वाचायची आणि घंटा झाली की पुन्हा जाऊन मंद मुलगी व्हायची. पुढच्या वर्षीही नापास व्हायचा तिचा बेत होता. पण तेवढ्यात तिचं वय पुरं झालं. मग परीक्षेचा काही संबंधच उरला नाही. एक दिवस सकाळी गोळा करणारी बाई त्या दारावरून हाक न मारता पुढे गेली. ओट्यावर ती धाकट्याला घेऊन उभी होती. आम्ही सगळ्या बाईच्या मागे मागे गेलो.

नंतरचं थोडक्यात सांगते. तिला डभोईच्या बाजूला दिली. स्थळ यथातथाच होतं; मुलगी भोळी आहे असा बोभाटा झाल्यावर चांगलं कुठून येणार? माझंही लग्न झालं आणि वर्षाच्या आत मी माघारी आले. तेव्हा वडिलांनी मला पुन्हा शाळेत घातलं आणि मग शिक्षिकांच्या वर्गात. मी शिकले ती काही कायद्यानं नाही. माझा नवरा गेला आणि माझ्यासाठी दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही, म्हणून शिकले. हे मी कुणापुढे बोलत नाही. सभेत स्त्रीशिक्षणाच्या प्रगतीचा दाखला म्हणून मला पुढे बसवतात, तेव्हा मी आपली पदर सावरून बसते. पण तिथेही कधी कधी ती आठवते. जिच्या नशिबी सौभाग्य होतं त्या मुलीला शाळेत राहायला नापास व्हावं लागलं, आणि मला राहता आलं ते कशाच्या मोलानं! राग येतो. कुणावर येतो ते सांगता येत नाही. ज्यांनी कायदा केला त्यांच्यावर कसा येईल? त्यांनी तो केला नसता तर आम्हांला अक्षर दिसलं नसतं.

गेल्या कित्येक वर्षांत किती अभ्यासक्रम आले आणि गेले. शिवण आलं, स्वयंपाक आला, गाणं आलं, भूगोल कमी झाला, पुन्हा वाढला. इयत्ता बदलली, वयाचे आकडे बदलले. प्रत्येक नव्या पुस्तकाबरोबर आम्ही शिकवणाऱ्या नव्यानं शिकतो आणि कुरकुरतो. मुलीला शाळेत आणायचं कसं, यावर बड्याबड्यांनी डोकं चालवलं आहे आणि त्यांचं सोनं होवो. आलेल्या मुलीला राहायचं असेल तर काय, हे मात्र अजून मुलीच्या बापावरच सोडलेलं आहे.

हे सगळं मी कदाचित इतकं उगाळलंही नसतं. पण गेल्या वर्षी ती बडोद्याला परत आली. नवऱ्याला इथे काम लागलं, विश्वामित्रीपलीकडे अकोट्यात बिऱ्हाड केलं, आणि तिची धाकटी मुलगी माझ्याच वर्गात येऊन बसली. आईचीच हुशारी उतरलेली. मी प्रश्न पुरा करायच्या आत हात वर. परीक्षेच्या आधी दोन दिवस ती स्वतः शाळेत आली. केस पिकलेले, बोटं कामानं जाड झालेली. सासरच्या गावी सरकारी वाचनालयाची पुस्तकांची पेटी यायची म्हणाली, पण हिनं कधी हात लावला नाही. मंद बाई पुस्तक मागते म्हणून लोक हसले असते. आणि मग, इकडचं तिकडचं काही न बोलता, ती मला म्हणाली, "हिला नापास कर."

मी हातातली पाटी खाली ठेवली.

"तू कर ने, तुझ्या हातात आहे. पास झाली की घरी बसवायची, असं हिच्या काकांनी ठरवलंय. हिचे बाबा त्यांच्यापुढे बोलत नाहीत. हिला सांगून पाहिलं, चुकीची उत्तरं दे म्हणून. ऐकत नाही कार्टी. म्हणते, येतंय ते मी सांगणारच."

"परीक्षा डिपोटीसाहेब घेतात गं," मी म्हणाले. "आणि माझ्या हातात असतं तरी..." ते वाक्य कसं पुरं करायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

परीक्षेला ती बाहेर पडवीत खांबाला धरून उभी होती. आत तिची मुलगी खणखणीत उत्तरं देत होती. एकही चुकलं नाही. नाव विचारलं नाही तरी पाटीवर आधीच काढून ठेवलेलं, वळणदार. साहेब खूश झाले. शाब्बास म्हणाले, आणि विचारलं, "पुढं शिकायचं ना?" पोरगी म्हणाली, "हो." किती सहज म्हणाली! मला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी पडवीतली तिची आई आठवली. मी बाहेर पाहिलं नाही, पाहवलं नाही.

सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ आली. रडत नव्हती. तिचा चेहरा उजळला होता, आईचा उजळतो तसा. "मी तोंड मिटून बसले, तर मला एक वर्ष मिळालं," ती म्हणाली. "हिनं तोंड उघडलं. आता हिला काय मिळणार, ते तू सांग."

तिच्या दिरांना भेटायला मी उद्या अकोट्याला जाणार आहे. शाळेची बाई म्हणून ओट्यावर बसवतील, पाणी देतील, हो हो म्हणतील. मी काय बोलायचं ते घोकते आहे आणि माझ्या बाजूनं एकही कलम मला सापडत नाही. निकाल आज लागला. मुलगी वर्गात पहिली आली आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनं तिला आता कुणी शाळेत पाठवलंच पाहिजे असं नाही.