दिवस मावळायच्या आधीचं ताट

मुलगी दुसरीत गेली आणि माझ्यापुढे दुपारचा प्रश्न उभा राहिला. तिची शाळा दुपारीच सुटायची. मी अंबडहून एस.टी.ने जालन्याला ऑफिसात, नवऱ्याची नोकरी राजूरकडे. तो उगवायचा थेट शनिवारी. सासूबाई तीर्थपुरीहून आल्या, नातीला जीव लावला आणि कापूस फुटल्याबरोबर पिशवी भरून परत निघाल्या. "येचायला बायका भेटून न्हाई राह्यल्या गं," म्हणाल्या.

मग एका शिकवणीवाल्या बाईंकडे ठेवलं. खोलीभर पोरं आणि बाई फोनमध्ये. एकदा संध्याकाळी मुलगी त्यांच्या कुलूप लावलेल्या दारासमोर एकटीच बसलेली दिसली आणि माझं डोकंच फिरलं. त्या बाईंना मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

शेवटी गल्लीतल्या काकींनीच विचारलं. पिढ्यांपूर्वी राजस्थानातून आलेलं जैन घर, खाली कापडाचं दुकान, वर राहायला. मुली लग्न होऊन गेलेल्या. "आमच्याकडं राहू द्या. बराबर सांभाळते," म्हणाल्या. आणि सांभाळलंच. अभ्यास, वेणी, खेळ, कशातच नाव ठेवायला जागा नव्हती. ऑफिसात मी कित्येक महिन्यांनी निवांत चहा प्यायले.

एकच गोष्ट होती. त्यांच्याकडे दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. उन्हं कलली की ताटं वाढायची, त्यात माझ्या मुलीचंही एक. मी घरी पोचेपर्यंत अंधार झालेला. मी जेवायला बसले की ती भरल्या पोटाने समोर बसायची आणि बसल्याबसल्या पेंगायची. आधी मला बरंच वाटलं, तेवढंच एक काम कमी. पण आम्हा मायलेकींचं सगळं बोलणं जेवतानाच व्हायचं. शाळेत कोण रडलं, कोणाशी कट्टी झाली, डब्यातली भाजी कोणाला दिली. आता हे सगळं काकींच्या ताटावर सांगून संपायचं आणि मी विचारलं की, "काही न्हाई झालं."

न राहवून एकदा काकींना म्हटलं, "तिला थोडंसंच काही द्या ना, रात्री माझ्यासोबत जेवेल."

त्यांना ते पटेचना. "आम्ही जेवायचं आन् लेकरानं बघत बसायचं? हे बिलकुल व्हायचं न्हाई, बेटा."

त्यांचं काय चुकलं? माझी आईही हेच म्हणाली असती. त्यामुळे राग कोणावर काढावा ते कळेना. मी तो भांड्यांवर काढत राहिले.

पुढे एक दिवस ऑफिसला अचानक सुट्टी मिळाली. ठरवलं, आज आपणच लवकर जेवायचं. मुलगी शाळेतून आली, खेळायला गेली, तोवर मी धपाट्यांचं पीठ मळलं, दही लावलेलं होतंच. ऊन खिडकीत असतानाच दोन ताटं वाढली आणि तिला हाक मारली. मला इतका आनंद झाला होता की आता ते आठवून लाज नाही वाटत, वाईट वाटतं.

ती आली, ताटांकडे बघून हसली आणि दारातच थांबली.

"मम्मी, काकी थांबल्या असतील."

"आज नाही गेलीस तर चालेल."

"मी गेल्याशिवाय त्या जेवत न्हाईत. मंग दिवस मावळला तर उपाशी राहतात." तिचा चेहरा काळजीने एवढासा झाला होता. "मी पटकन जेवून येते. मंग तुझ्याजवळ बसते ना."

"जा," मी म्हटलं.

ती चप्पल अडकवून पळाली. ताटं वाढून मीही तिची वाटच बघत होते की. हे तिला सांगायला हवं होतं का, ते मला अजून कळलेलं नाही.