बापूंच्या मुंग्या

पडेगावात आमच्या गल्लीत साखर लपवायची पद्धत नाही. दहावीचा निकाल लागल्यासारखे लोक आपापले आकडे सांगत फिरतात. कुणाची उपाशीपोटी एकशे चाळीस, कुणाची जेवल्यावर अडीचशे. ज्याची जास्त त्याचा मान मोठा, कारण त्याच्याकडं सांगायला डॉक्टरही जास्त. एकट्या खंडेरावबापूंनी कधी आकडा सांगितला नाही. विचारलं की म्हणायचे, "यंत्राचं काय खरं असतंय रे संघपाल? सेल उतरला की कायबी दाखवतंय."

बापूंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. बापजाद्यांचा धंदा मेंढरांचा. आता इकडं प्लॉट पडले, बंगले झाले, चराईच्या रानात मंगल कार्यालय उभं राहिलं, तरी बापूंनी पाच-सहा मेंढरं ठेवलीच. सकाळी ती दौलताबाद रस्त्याच्या कडेनं चारायला न्यायची आणि येताना ओळखीच्या घरोघरी चहा घ्यायचा. प्रत्येक घरी वाक्य एकच: "साखर बेतानं टाक गं बाई, मला बंदी हाय." बेतानं म्हणजे अर्धा चमचा. असा घरोघरचा अर्धा-अर्धा गोळा करत बापू आपली बंदी पाळायचे.

बापूंचा खरा तोरा वेगळाच होता. ते मेंढरू तोंडावरून ओळखायचे. तुम्हाआम्हाला सगळी मेंढरं एकाच छापाची वाटतात. बापूंना मात्र कोण भांडखोर, कोण लबाड, कुणाची आजी कुठल्या कळपातली, सगळं पाठ. मग डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एकदा सिमेंटच्या गोणीला 'हुर्रर्र' करून उठवत होते. मी गच्चीवरून बघत होतो. मधे बोललो नाही. न जाणो गोणी उठली तर माझं बघायचं राहायला नको.

पण दुसऱ्या दिवशी हसू आलं नाही. बापूंची लाडकी मेंढी हरणी त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली, त्यांचा हात हुंगला, आणि बापूंनी विचारलं, "ही कुणाची रं?"

त्या दिवशी बापू कुणाकडंच चहाला गेले नाहीत.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "ऑपरेशन छोटंच आहे. पण साखर एवढी असताना मी हात लावणार नाही. जखम चिघळली तर आहे तेवढंही दिसायचं बंद होईल. आधी साखर उतरवा." मग गारखेड्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, चहा फिका करायला सांगितला. बापूंच्या बायकोनं, बानाबाईंनी, गुळाचा डबा शेजारी आमच्याकडं ठेवला (तो आता निम्मा झालाय, पण तो विषय वेगळा). तरी साखर काही उतरेना. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा परत पाठवलं. चूक कुठं होतेय ते कुणाला कळेना.

कळलं एका रविवारी. रविवार खंडोबाचा वार. बानाबाईंनी देव्हाऱ्यातल्या वाटीत भंडारा घ्यायला बोटं घातली, तर हाताला खडे लागले. वाटी पालथी केली. हळदीत लोळून पिवळ्याधमक झालेल्या गोळ्याच गोळ्या!

"आवं!" त्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात आला. "देवाला कधीपासून साखर झाली?"

एवढं ऐकल्यावर घरात कोण थांबतं? मी चप्पल न घालताच पोचलो. बापू बाजेवर बसलेले, चेहरा निर्दोष.

"देवापुढं ठेवल्या की देव बघतोय," ते म्हणाले. "आन मला गरजच नाय गोळीची. माझी साखर कवाच गेली. मी रोज तपासतोय."

"रोज? कुठं?"

"भितीमागं. आमच्या आज्याची साखर मुंग्यांनीच धरली व्हती. तवा कुठं यंत्र व्हतं? लघवी केली तिथं मुंग्या लागल्या की साखर हाय, नाय लागल्या की नाय. एका पैशाचा खर्च नाय. माझ्याला दोन महिनं झालं एक मुंगी लागली नाय!"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, घरात फरशी लावलेला चकचकीत संडास असताना बापू पहाटे भिंतीमागं का जातात, आणि घटकाभरानं तिथंच परत जाऊन उकिडवे का बसतात, हे कोडं मला गच्चीवरून कधीचं पडलं होतं. मला वाटायचं, काही पुरलंय की काय!

"चला," बापू उठले. "दोघंबी चला. डोळ्यानं बघा."

आम्ही वरात काढून भिंतीमागं गेलो. बापू उकिडवे बसले, ओल्या मातीकडं बोट केलं आणि विजयी स्वरात म्हणाले, "दाखव. हाय का एकतरी?"

मी वाकलो. तिथं मुंग्यांची जत्रा भरली होती. भिंतीच्या फटीतून रांग निघाली होती, ओल्या जागेला वेढा पडला होता, आणि एक हुशार मुंगी थेट मूळ ठिकाणाच्या शोधात बापूंच्या धोतरावर चढत होती.

"बापू," मी म्हणालो, "ही धोतरावर कोण आहे मग? पाहुणी?"

"कुठं?"

"ही काय."

"कुठं रे? थट्टा करू नको."

बानाबाईंनी कपाळाला हात लावला. "आवं, डोळ्यात मोतीबिंदू घिऊन मुंग्या बघाय बसलाव व्हय तुम्ही? बैल मोजा म्हणावं तर तेबी नाय दिसायचं!"

बापूंनी मातीवर तळहात टेकवला. मुंग्या हातावर चढल्या, तेव्हा पटलं. मग हळूच म्हणाले, "हरणीनंबी असाच हात हुंगला व्हता. मला नाय दिसली."

मी त्यांच्या हातावरच्या मुंग्या झटकल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही गारखेड्याला. डॉक्टरीणबाईंनी मुंग्यांची हकिकत शांतपणे ऐकली आणि म्हणाल्या, "बाबा, मुंग्यांना मी माझ्याकडं नोकरी दिलेली नाही. मुंग्या नसल्या तरी रक्तात साखर असू शकते. लघवीत ती फार वाढल्यावरच उतरते." तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ताची तपासणी केली, मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते बघितलं आणि जुन्या गोळीच्या जोडीला एक नवी दिली. नवीबद्दल त्या बरंच काही सांगत होत्या, पाणी भरपूर प्या, स्वच्छता ठेवा, वगैरे. बापू तेव्हा रुसून भिंतीवरच्या पंख्याकडं बघत होते.

तिथून पुढं बानाबाई समोर उभ्या राहून गोळी गिळवायच्या आणि वर "आ करा" म्हणून तोंड तपासायच्या. घरोघरचा चहा फिका झाला. भाकरी कमी, भाजी-डाळ जास्त. दोन-तीन महिन्यांत साखर उतरली आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, बापू रिक्षातून उतरले आणि लांबूनच ओरडले, "हरणे! कान कुठं फाडून घेतला गं?" कान खरंच फाटला होता. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सवय जाते कुठं? चार दिवसांनी पहाटे भिंतीमागून बोंब आली.

"संघपाल! धाव रे! आरं, वारूळच चालून आलंय!"

नव्या डोळ्यानं बापूंना मुंग्या दिसल्या होत्या, आणि एवढ्या, की आधीच्या मुंग्या म्हणजे नुसता साखरपुडा, लग्न आता लागलं होतं. बापू पेटले. "गोळी खोटी हाय! बाईनं फसवलं. साखर वाढली माझी! आजपासून गोळी बंद!"

बानाबाई रडकुंडीला आल्या. डाव्या डोळ्याची तारीख पुढच्याच महिन्यात होती. गोळी सोडली की साखर चढणार आणि तो डोळा लांबणार. मी बापूंना स्कूटरवर घातलं आणि नेलं.

बाईंनी बोट टोचलं. आकडा अगदी सोज्वळ आला. मग त्यांना हसू आवरेना. "बाबा, तुम्ही पंख्याकडं बघत होता तेव्हा हेच सांगत होते. ही नवी गोळी अंगातली जास्तीची साखर लघवीवाटं बाहेर काढते. मुंग्या येणारच. गोळी काम करतेय."

पडेगाव आल्यावर बापू मागून म्हणाले, "संघपाल, आमची माय मुंग्यांच्या वारुळावर साखर टाकायची. लई पुण्य असतंय म्हणायची."

"मग?"

"मग मी काय येगळं करायलोय? रोज टाकायलोय."

घरी जाऊन त्यांनी हेच बानाबाईंना ऐकवलं. बानाबाईंनी एका हातात पाण्याचा तांब्या दिला, दुसऱ्यात गोळी.

"पुण्य संडासातबी लागतंय, भितीमागं जायची गरज नाय," त्या म्हणाल्या. "घ्या. मुंग्यांच्या शिध्याची येळ झाली. आता आ करा."